आखणीवाल्याची नात

मातीला आकार देणारे हात जोहे गावात पुष्कळ आहेत. त्या आकाराला दृष्टी देणारे हात फार थोडे. साच्यातून मूर्ती निघते, वाळते, घासली जाते, अंगावर रंग चढतो, किरीटावर सोनेरी झळाळी येते, आणि इतके सारे सोपस्कार होऊनही ती माती मातीच राहते. मग एके दिवशी आखणीवाला तिच्यासमोर मांडी घालून बसतो, श्वास रोखतो आणि बारीक ब्रशाने डोळ्यांची रेघ ओढतो. त्या क्षणापासून ती मूर्ती पाहू लागते. म्हणून आखणी चालू असताना कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि ज्याला खोकला झाला आहे तो आपण होऊन अंगणात जाऊन उभा राहतो.

हे काम नाथाबुवांनी एकेचाळीस वर्षे केले होते. त्यांच्या हातचे डोळे इतके शांत आणि सरळ की, नाथाच्या गणपतीसमोर उभे राहून खोटे बोलवत नाही, अशी पेणपासून रोह्यापर्यंत ख्याती होती. परंतु विधात्याची लीला अगाध आहे. इतक्या देवांना दृष्टी देणाऱ्या या मनुष्याची स्वतःची दृष्टी गेल्या श्रावणापासून मंदावत चालली होती. आधी कडेला धुके आले, मग ते मध्यावर सरकले, आणि दिवाळीपर्यंत अशी अवस्था झाली की समोर मूर्ती आहे की भिंतीला टेकवलेली गोणी, हे बुवा हात लावून ठरवू लागले.

ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. दोष द्यायला वस्तू विपुल होत्या. "आताच्या ब्रशांच्या केसांत दम नाय," ते म्हणत. कधी रंग पातळ असे, कधी बल्बचा उजेड पिवळा असे. आणि एक चमत्कार तर त्यांना फारच दिलासा देई. सकाळी आखलेले डोळे दुपारी जेवून झोपून उठल्यावर त्यांना पुष्कळच ठसठशीत दिसत. झोपेने डोळ्यांना विश्रांती मिळते आणि स्वतःच्या कामाचे गुण नीट कळतात, असा त्यांनी या चमत्काराचा अर्थ लावला होता.

अशा स्थितीत तुळशीचे लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मुंबईचे व्यापारी प्रणितशेठ परदेशी धाडायचा माल पाहायला आले. बुवांनी नुकतीच एका सिंहासनावरच्या मूर्तीची आखणी संपवली होती. शेठ चहा पीत होते, मुलगा मिथुन हिशोबाची वही घेऊन अदबीने उभा होता, सून मृणाली कपबश्या आवरत होती. तेवढ्यात मिथुनची मुलगी दिशा, वय वर्षे आठ, मूर्तीसमोर येऊन उभी राहिली. तिने मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे कलती केली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, याचा एक डोळा सोंडेकडं बघतोय आणि दुसरा दाराकडं."

मृणालीच्या हातातली बशी वाजली.

"गप!" नाथाबुवा कडाडले. "पुन्यांदा या घरात तोंड उघडलंस तर याद राख!"

"चेष्टा करते शेठ, पोर हाय," मिथुन हसत म्हणाला, आणि मृणालीने लेकीचा दंड धरून तिला आत नेले. शेठनी मूर्तीकडे बराच वेळ पाहिले. "नवीन स्टाइल आहे का बुवा?" त्यांनी विचारले. बुवा म्हणाले, व्हय. शेठनी मागणी नोंदवली, आणि मांडणीवरच्या इतर मूर्तींच्या डोळ्यांची जाड रेघ पाहून ती दुप्पट केली.

प्रसंग तिथेच संपला, असे सर्वांना वाटले. पण वडीलधाऱ्यांची आज्ञा अक्षरशः पाळणारी मुले या कलियुगातही जन्माला येतात. त्या दिवसापासून दिशाने तोंड उघडले नाही. घरात नाही, शाळेत नाही, बसच्या थांब्यावर मैत्रिणींमध्येही नाही. जेवणापुरते उघडे, आणि घास आत गेला की मिटे. मार्गशीर्ष गेला, पौष अर्धा सरला. शाळेत हजेरीच्या वेळी ती हात वर करी. कविता म्हणायची पाळी आली की उभी राही, आणि वर्ग हसू लागला की खाली बसे. अखेर एके दिवशी बाईंनी मृणालीला बोलावून घेतले. पेणच्या एका संस्थेची समुपदेशक दर गुरुवारी जोह्याच्या समाजमंदिरात मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बसते, तिथे हिला न्या, असे त्यांनी सांगितले.

त्या जागेला गावात मनाचा दवाखाना म्हणत.

"माझ्या नातीला येडी ठरवायची हाय का तुमाला?" नाथाबुवांनी प्रथम विरोध केला. मग त्यांच्या ध्यानात आले की विरोध करणाऱ्याकडे लोक अधिक निरखून पाहतात, म्हणून ते एकाएकी या योजनेचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले. "जायाचं म्हणजे जायाचं. पन मी सांगतो, हा सारा त्या मोबाइलचा परिनाम हाय."

"मोबाइलला ती हात लावत नाय," मृणाली म्हणाली.

"मंग शाळेचा."

"दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच गप झाली ती," बुवांची बायको सगुणा म्हणाली. "तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या—"

"तू पान वाढ गो," बुवा म्हणाले.

गुरुवारी सारे कुटुंब समाजमंदिरात दाखल झाले. समुपदेशक शीरा अष्टमकर ही पस्तिशीची, चष्मा लावणारी, शांत चेहऱ्याची बाई होती. रोह्याहून पहिली बस धरून पेणला, आणि तिथून दुसरी धरून जोह्याला, असा तिचा नेम होता. तिचे नाव ऐकताच नाथाबुवांनी ओळख काढली. "रोहे-अष्टमीचे म्हंजे शनवार तेल्यांपैकी ना तुमी? शनवारी घाणा बंद ठेवायचे ते. माझा बाप तुमच्याच लोकांकडनं तेल आनायचा."

"माझे पणजोबा, काका. आता घाणा नाही आणि आमची ज्यू माणसंही फार उरली नाहीत. सगळे इस्रायलला गेले." शीरा हसली. मग तिने दिशाकडे न पाहता, तिच्या शेजारच्या सतरंजीकडे पाहत, अगदी सहज विचारले, "दिशाला काय करायला आवडतं बरं?"

"चित्रं काढायला," मृणाली म्हणाली.

"हुंदडायला," मिथुन म्हणाला.

"बोंबलाचं कालवण," सगुणा म्हणाली.

"आजोबांपाशी बसायला," नाथाबुवा म्हणाले, आणि जीभ चावली.

"छान. आता आपण एक करू," शीरा म्हणाली. "एक मिनिटभर मोठ्यांपैकी कोणीच बोलायचं नाही. फक्त बसायचं."

मनुष्यजातीला सोपी वाटणारी तपे किती कठीण असतात, हे त्या मिनिटाने सिद्ध केले. दहाव्या सेकंदाला सगुणाने दिशाचा फ्रॉक सारखा करीत "नीट बस गो" म्हटले. विसाव्याला मिथुनने "झालं का मिनिट?" असे विचारले. त्याला गप्प करण्यासाठी मृणाली बोलली, मृणालीला गप्प करण्यासाठी सगुणा बोलली, आणि "एक मिंट तोंड मिटायला काय जातं तुमचं!" असे गरजून नाथाबुवांनी त्या मौनाची सांगता केली. त्या सभेत मिनिटभर शब्दही न उच्चारणारी व्यक्ती एकच होती, आणि उपचारासाठी तिलाच आणले होते.

शीराने वहीत काहीतरी लिहिले. पुढच्या गुरुवारी मी तुमच्या घरी येते, ती म्हणाली. मुलांना आपल्या जागी बरे वाटते. माती तुमच्याकडे असेल ना?

हा प्रश्न तिने जोह्यात विचारला, म्हणून सगुणा दारापर्यंत हसत गेली.

तो आठवडा नाथाबुवांना जड गेला. नात जेवताना त्यांच्या शेजारीच बसे, त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देई, कारण बुवांना काटे दिसत नसत आणि हे तिला न सांगता ठाऊक होते. तिच्या बोटांची चिमुकली हालचाल त्यांना अंधुक दिसे. बोलायचे त्यांच्या मनात फार वेळा आले. 'पोरी, मी रागावलो ते खोटं होतं,' एवढेच म्हणायचे होते. पण त्या वाक्यामागे दुसरे वाक्य उभे होते, आणि त्याच्यामागे तिसरे. पहिले बाहेर पडले की बाकीची ओळीने येणार, आणि शेवटचे येईल ते 'मला दिसत नाय' हे. ज्याला दिसत नाही त्याच्या हाती आखणीचा ब्रश कोण ठेवील? म्हणून बुवा काटे काढलेला मासा खात आणि गप्प राहत. आता घरात दोघे गप्प होते.

गुरुवारी शीरा आली. कारखान्यात अर्धवट रंगवलेल्या शंभरेक मूर्ती मांडणीवर बसल्या होत्या. मध्यभागी चटई घातली गेली, शाडूचे गोळे आले. शीराने पाच चिठ्ठ्या टाकल्या आणि खेळ समजावून सांगितला. ज्याच्या चिठ्ठीत घरातले जे माणूस निघेल, ते त्याने मातीत करायचे. वेळ वीस मिनिटे. "आणि एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "ते सुंदर व्हायला नको. मनात येईल तसं करायचं."

सर्वांनी माना डोलावल्या. अर्थ मात्र कोणालाच कळला नाही. तीन पिढ्या मातीत गेलेल्या त्या घराला 'सुंदर व्हायला नको' ही सूचना, आचाऱ्याला 'चव यायला नको' म्हणून सांगावे तशी वाटली.

"साइज किती इंची?" मिथुनने विचारले.

"कितीही."

"पाटासकट?"

"मिथुनभाऊ, हे विकायचं नाहीये."

"नाय, तरीपन," मिथुन म्हणाला आणि मोजपट्टी घेऊन आला.

त्याला सगुणा निघाली होती. त्याने आपल्या आईला कमळावर बसवले आणि तिच्या मागे प्रभावळ केली. मृणालीला नवरा आला होता, तिने त्याला केला तो इतका बारीक आणि देखणा की सगुणा म्हणाली, "लगीन झालं तवा होता असा." सगुणाने मृणालीला करताना अंगावर इतके दागिने चढवले की खऱ्या मृणालीने दोनदा सुस्कारा सोडला. नाथाबुवांच्या चिठ्ठीत दिशा निघाली होती. त्यांनी डोळे मिटूनच मूर्ती घडवली, कारण उघडे ठेवून फरक पडत नव्हता, आणि त्यांच्या बोटांना नातीचे गोल डोके, वर केलेला हात आणि किंचित कलती मान अचूक आठवत होती. शीराही एक गोळा घेऊन बसली होती. तिच्या हातून एक उभा दांडा तयार झाला.

"ह्ये काय, मुसळ?" सगुणाने आपुलकीने विचारले.

"ही मी आहे," शीरा म्हणाली. "आमच्या घरात कधी मूर्तीच नसते, मावशी. देवळातही नाही. हाताला सवयच नाही."

"अरेरे," सगुणा कळवळून म्हणाली, आणि शीराचा नाइलाज असल्याचे पाहून मिथुनने तो दांडा हलकेच उचलला, त्याला खांदे काढले, कंबर काढली, चष्मा लावला, आणि परत ठेवला. शीराने वहीत आणखी काही लिहिले.

सर्वांचे संपले तरी दिशा मान खाली घालून काम करीत होती. तिच्या वाट्याला आजोबा आले होते. अखेर तिने बाजूला सरकून हात मांडीवर ठेवले. चटईवर वीतभर उंचीचे नाथाबुवा मांडी घालून बसले होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली, खांद्यावर पंचा, मिशीचे एक टोक वर, एक खाली. काही राहिले नव्हते. फक्त चेहऱ्यावर जिथे डोळे असायचे, तिथे माती बोटाने गुळगुळीत केलेली होती.

शीरा मूर्तीजवळ वाकली. सात वर्षांच्या कामात तिने पुष्कळ मुलांची पुष्कळ चित्रे पाहिली होती. "दिशाने आजोबांना डोळे का बरं दिले नसतील?" तिने फार जपून विचारले.

"अवो ताई, डोळे शेवटीच!" मिथुन अभिमानाने म्हणाला. "आखणी आजोबांची. पोरगीला रीत बरोबर ठावं हाय!"

"शिकवावं लागलं नाय हो!" सगुणाने नातीच्या गालांवरून बोटे मोडली. "मृणाली, ब्रश आन. ह्यांनाच काढू दे ह्यांचे डोळे."

शीरा काही बोलू पाहत होती, पण परंपरेचा रथ सुटला होता. मृणालीने मिथुनकडे पाहिले, मिथुनने छताकडे पाहिले. तरी ब्रश आला. नाथाबुवांनी मूर्ती बोटाने चाचपली.

"माती ओली हाय," ते म्हणाले.

"खेळातलं हाय, चालंल," सगुणा म्हणाली.

"मुहूर्त नाय."

"गुरवार हाय! आनिक कसला मुहूर्त लागतो?"

"बल्ब—"

सगुणाने दुसरा बल्ब लावला.

आता सुटका नव्हती. नाथाबुवांनी ती मूर्ती डाव्या तळहातावर घेतली. तिचा चेहरा चिंचोक्याएवढा होता आणि त्यांना तेवढाही दिसत नव्हता. तळहातावर केवळ एक करडा ढग होता. त्यांनी ब्रश उचलला आणि सवयीने एकवार समोर पाहिले. ढगापलीकडे नातीचा चेहरा होता. त्यातले काही स्पष्ट नव्हते, पण तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आहेत, एवढे त्यांना कळले.

त्यांनी श्वास रोखला आणि दोन रेघा ओढल्या.

"वा!" मिथुन म्हणाला.

"वा वा," मृणाली म्हणाली.

"हुबेहूब तुमीच," सगुणा म्हणाली.

खरी 'वा' कशी असते, हे एकेचाळीस वर्षे ऐकलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. ती आधी घशात अडकते आणि मग बाहेर येते. या तिन्ही ताबडतोब आल्या होत्या. नाथाबुवांनी ब्रश खाली ठेवला.

"दिशा," ते म्हणाले, "बाय, तू सांग. कसा झालाय?"

हात तोंडावरून हलले नाहीत.

"मी बोललो होतो ना, तोंड उघडू नको म्हनून? ते माझं चुकलं. त्या दिवशी तू बोललीस ते खरं होतं, म्हनून मी वराडलो." पहिले वाक्य बाहेर पडले होते, आता मागची येणारच होती. "मला दिसत नाय, पोरी. श्रावणापासनं दिसत नाय. सांग तू."

बाहेर अंगणात कोंबडी उकरत होती. मग अडीच महिने न वापरलेला, गंज चढलेल्या कडीसारखा एक आवाज आला.

"एक डोळा गालावर हाय."

सगुणाने पदर तोंडाला लावला. मृणाली जागची उठली, तेव्हा शीराने तिच्या हातावर हात ठेवून तिला बसवले.

"बरं," नाथाबुवा म्हणाले. "आनि दुसरा?"

"दुसरा नाय. तो तू तुझ्या अंगठ्यावर काढलास."

बुवांनी अंगठा चाचपला. तो ओला होता.

आणि मग बांध फुटला. खाजणाचा बांध फुटल्यावर भरतीचे पाणी जसे शेत, वाट, अंगण असा भेद न करता शिरते, तशी दिशा बोलू लागली. "प्रणितशेठचा सिंव्हासनवाला दाराकडं बघत व्हता. रोह्याला गेला तो सवताच्या नाकाकडं, म्हंजे सोंडेकडं. हमरापूरच्या काकांचा उंदराकडं बघत व्हता, आणि उंदीर भिंतीकडं. त्या मोरावरच्याला तर तीन डोळे काढलेस, मंग बाबा बोलला शंकराचा हाय म्हनून सांगू. पन ते सगळे मंग चांगले झाले, कारन तू दुपारी झोपलास का आई पुसून परत काढते."

"दिशा!" मृणाली म्हणाली.

"आईचं ऱ्हायलं तर बाबा काढतो. आनि आजी दारात बसते तांदूळ निवडत, पन ती तांदूळ निवडत नाय, तू उठतोस का बघते. ती खोकली का सगळी ब्रश लपवतात."

तांदूळ निवडणारी सगुणा छताकडे पाहू लागली. झोपेने डोळ्यांना मिळणाऱ्या विश्रांतीचे रहस्य नाथाबुवांना उलगडले.

"किती मूर्ती सुदारल्या?" त्यांनी विचारले.

"सगळ्या नाय मामंजी," मृणाली जमिनीकडे पाहत म्हणाली. "थोड्याच."

"सगळ्या," दिशा म्हणाली.

"शेठना ती जाड रेघ फार आवडली, म्हनून त्यांनी दुप्पट माल सांगितला," बुवा सावकाश म्हणाले. "ती जाड रेघ…"

"तुमची खालची झाकायला जाड काढाया लागायची," मृणाली जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली. "तुमाला वाईट वाटंल म्हनून बोललो नाय."

म्हणजे तीन मोठी माणसे सत्य जाणून गप्प होती, चौथे सत्य लपवून गप्प होते, आणि जिने ते उच्चारले तिला चौघांनी मिळून गप्प केले होते. शीराला हे सांगावे लागले नाही. तिने चष्मा काढून पुसला, एवढेच. नाथाबुवांनी पंच्याने आधी अंगठा पुसला, मग तोंड पुसले, आणि बराच वेळ ते तोंडच पुसत राहिले. नंतर त्यांनी ब्रश चाचपून उचलला आणि सुनेपुढे धरला.

"दुपारची कशाला काढतेस?" ते म्हणाले. "सकाळची बसत जा. उजेड चांगला असतो."

मृणालीने ब्रश घेण्याआधी सासऱ्यांच्या पायांना हात लावला. मग चटईवरच्या वीतभर नाथाबुवांचा गाल बोटाने साफ करून तिने दोन डोळे आखले. निकालासाठी मूर्ती दिशापुढे आली. तिने मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे.

"बरा हाय," ती म्हणाली. "पन आजोबा एवढा गरीब नाय दिसत."

निघताना शीराने दारात उभे राहून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कोणी हर्षभरित होऊन गावभर सांगत सुटू नये. दिशा घरात बोलली आहे. घराबाहेर अजून बोललेली नाही, आणि बाहेरचे भय निराळे असते. तिला 'बोल, बोल' म्हणायचे नाही आणि पाहुण्यांपुढे बोलून दाखवायला लावायचे नाही. दुसरी, नाथाकाकांनी डोळे दाखवायला पेणला जावे, आणि जाताना दिशाला बरोबर न्यावे. "तुम्ही तिचा हात धरा," ती म्हणाली. "किंवा तिने तुमचा."

शीराचे म्हणणे खरे ठरले. शुक्रवारी शाळेत दिशा गप्प होती. शनिवारीही गप्प. सोमवारी बाईंनी हजेरी घेतली तेव्हा तिने हात वर केला आणि खाली घेतला. घरी आल्यावर ती अखंड बोले, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच कुलूप लागे. मृणालीने देवापुढे निरांजन लावले. 'बोल' म्हणायचे नाही, या आज्ञेचे पालन करताना सगुणाचा रक्तदाब वाढला.

मंगळवारी आजोबा आणि नात बसने पेणला गेली. डोळ्यांच्या दवाखान्यात वीस-बावीस माणसे बाकांवर बसली होती. आतल्या खोलीचे दार उघडेच होते, आणि आत जाणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे मोठ्याने वाचीत होता. दिशा आजोबांच्या हातात बोट देऊन बसली होती. तिने ओठ घट्ट मिटले होते.

आता येथे मनुष्यस्वभावाविषयी एक खेदजनक गोष्ट नमूद करणे भाग आहे. एकदा सत्य बोलले की मनुष्य सदैव सत्य बोलतो, असे नाही. शेजारच्या माणसाने मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे वर्णन केले आणि नाथाबुवांचे पाय गार पडले. पुढच्या माणसाने त्यात सुईची भर घातली. इतक्यात आत डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेला एक जवान खणखणीत आवाजात तक्ता वाचू लागला, आणि बुवांनी कान टवकारले. त्यांचे पाठांतर बालपणापासून उत्तम होते. जवानामागून एका मास्तरांनी तोच तक्ता वाचला. त्यांच्यामागून आणखी दोघांनी. बुवांची पाळी येईपर्यंत तक्ता त्यांना आरतीसारखा येत होता.

"आजोबा, समोर बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वरून वाचायला लागा. जमेल तेवढं."

"ग," नाथाबुवा म्हणाले. "म, ट. र, प, ल. च, न, ब, द." आणि एका दमात, कुठेही न अडखळता, सर्वांत खालच्या ओळीपर्यंत जाऊन पोहोचले.

डॉक्टरबाई थक्क झाल्या. "वय काय तुमचं?"

"एकूनसत्तर."

"मलासुद्धा शेवटची ओळ चष्म्याशिवाय दिसत नाही! अहो, घारीची नजर आहे तुम्हाला. मग आलात कशाला?"

"घरच्यांच्या समाधानाकरता," बुवा नम्रपणे म्हणाले.

बाईंनी हसत कागद ओढला. बुवांना कागदावर पेन टेकल्याचा आवाज ऐकू आला. आणि त्याच क्षणी त्यांच्या हातातले चिमुकले बोट ताठ झाले. त्यांनी खाली पाहिले. ढगात त्यांना काही दिसले नाही, पण तिचा श्वास जलद चालला आहे, हे कळले. ती काहीतरी गिळत होती, पुन्हा गिळत होती. दारात माणसे उभी होती. परकी खोली, परकी बाई, परके कान. तिला थांबवायला बुवांनी ते बोट जरासे दाबले असते तरी पुरे होते. अडीच महिन्यांपूर्वीचा तो 'गप' शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर आपसूक येऊन बसलाच होता.

त्यांनी बोट सोडून दिले.

"डॉक्टर," दिशा म्हणाली. आवाज फार लहान होता. पेन चालूच राहिले, म्हणून ती ओरडली, "डॉक्टर! ते खोटं बोलतात!"

दारातली माणसे आत डोकावली.

"बाहेर बसून पाठ केलंय त्यांनी. तक्ता कुठं हाय ते पन त्यांना नाय दिसत. आता वाचला ना, तवा ते तुमच्या खिडकीकडं बघत व्हते."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि नाथाबुवांकडे पाहिले. बुवा ताठ बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते, आणि मिशीखाली ओठ कशामुळे हलत होते ते सांगता येणे कठीण होते. दारातून कोणीतरी हसले. एरवी त्या हसण्याने त्यांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. आता त्यांचे लक्ष तिकडे नव्हते. परक्या खोलीत वीस माणसांपुढे त्यांची नात बोलली होती, आणि तिला आणखी बोलायचे होते, हे तिच्या श्वासावरून त्यांना कळत होते.

"ती सांगंल तसं लिवा, डॉक्टर," ते म्हणाले.

"आणि सुईला भितात ते पन लिवा," दिशा म्हणाली.

बाईंनी विचारल्यासारखे बुवांकडे पाहिले.

"लिवा," नाथाबुवा म्हणाले.